मारुतीमामांचा स्टोव्ह

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. मुलगा माझाच व्यवसाय करतो — त्याला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही माझ्या हातून कधी इंजेक्शन घेतलेलं नाही, म्हणून असेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जिल्ह्यात कॉलऱ्याची साथ आली, आणि आमच्या मेडिकल कॉलेजनं वर्ग बंद करून आम्हा पोरांना लस टोचायला गावोगाव धाडलं. मी कोल्हापूरचा, म्हणून इचलकरंजीला गेलेल्या तुकडीचा म्होरक्या. केवढा रुबाब! कालपर्यंत धड बीपी घेता येत नव्हतं, आणि आज लोक 'डॉक्टरसाहेब' म्हणून हात जोडत होते.

एका यंत्रमागाच्या शेडच्या मालकानं अट घातली — माग थांबणार नाहीत, पाळी बदलताना काय ते टोचून घ्या. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत, आणि एकाला टोचलेली सुई उकळल्याशिवाय दुसऱ्याला टोचायची नसे. शेडच्या दारातच मारुतीमामांची चहाची टपरी होती. त्यांनी चहाचं आधण उतरवून आपला स्टोव्ह आम्हाला सुया उकळायला दिला. ऐन धंद्याच्या वेळेला — कोण देतं?

रांग संपेना. सुया उकळून गार होईपर्यंत मागची माणसं पळ काढायला लागली. आणि मला — आता सांगूनच टाकतो — संध्याकाळच्या कुस्त्यांना कोल्हापूर गाठायचं होतं. मी म्हटलं, उकळणं बास. सुईवर स्पिरिटचा बोळा फिरवा आणि पुढचा घ्या.

"अवो, ऱ्हाऊ दे की स्टो," मामा म्हणाले. "चा काय, मागनं बी हुतोय."

"नको मामा. तुम्ही चहाच टाका."

चहा फक्कड होता. शेवटी मामांनीही दंड पुढे केला. त्यांनाही मी त्याच सुईनं टोचलं. कुस्त्याही वेळेवर गाठल्या.

कॉलरा ओसरला. कॉलेजात आमचा सत्कार झाला, नारळ मिळाले. आणि दोन-तीन महिन्यांनी त्या शेडमधल्या माणसांचे डोळे पिवळे पडायला लागले. कावीळ — न उकळलेल्या सुईतून एकाच्या रक्तातून दुसऱ्याच्या रक्तात जाते ती. मामांनाही झाली. सोलापूरकडून पोटासाठी आलेला एक तरुण विणकर त्यात गेला.

कॉलेजातल्या सरांनी मला बोलावून एवढंच विचारलं — सुया उकळत होतात ना? मी म्हटलं, हो सर, दर माणसामागे. इथवर त्याला भित्रेपणा म्हणा. पण पुढचं? ते तर कुणी विचारलंही नव्हतं. मी आपण होऊन म्हणालो — "तिथल्या टपरीवरचं पाणी फार घाण होतं, सर."

सरांनी मान डोलावली. त्यांनाही हेच ऐकायचं होतं का? असेल. त्यांचं त्यांच्यापाशी. कॉलेज ठपक्यातून सुटलं, मी सुटलो. नगरपालिकेनं मामांची टपरी उचलली. ज्याच्या पाण्यानं कावीळ पसरली त्याला स्वतःलाच कावीळ — लोकांना याहून वेगळा पुरावा कशाला हवा होता? मी मात्र त्याच हातांनी परीक्षा दिली, पास झालो, पाटी लावली.

काही वर्षांनी मी मामांच्या घरी गेलो. खरं सांगायला गेलो होतो — निदान वाटेत तरी तसं वाटत होतं. मामा खाटेवर उठून बसले. ओळखून हरखले. आपल्याकडे पावणा आला की आधी पाणी पुढे येतं. तांब्या त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी त्याला हात लावला नाही, आतल्या सुनेला हाक मारली.

"माझ्या हातचं पानी न्हाई देत मी कुणाला," ते म्हणाले. "नातवाला बी न्हाई. ते परगावचं पोरगं माझ्या पान्यानं गेलं की, डॉक्टर. तुमाला म्हाईत हायच."

नुसतं 'नाही' म्हणायचं होतं. एक शब्द. काय गेलं असतं माझं? दवाखाना नुकताच टाकला होता, तो गेला असता. बस्स. एवढंच गेलं असतं.

सुनेनं तांब्या उचलून माझ्या हातात दिला. मी पाणी प्यायलो.

"चांगलं हाय न्हवं?" मामांनी काळजीनं विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हटलं. आणि मामा अगदी शेजारी बसलेले असताना, रिकामा तांब्या सुनेच्या हातात दिला.