पाहुणे येणार म्हणून

पाहुणे येणार म्हटलं की मेजरीणकाकूंच्या अंगात यायचं. पडदे उतरायचे, पितळ घासलं जायचं आणि मेजरसाहेबांचा लाडका जुना स्वेटर मोलकरणीला जायचा. जयपूरच्या जवाहर नगरात आम्ही त्यांचे शेजारी. "फाटकं घर दाखवणं म्हणजे पाहुण्याचा अपमान," असं त्या माझ्या आईला बजावायच्या. आई "हो हो" म्हणायची आणि आमचा कळकट सोफा तसाच ठेवायची.

वसाहतीमागे कठपुतळीवाल्या भाटांची वस्ती होती. घरोघर टीव्ही आले आणि त्यांना कुणी बोलावेना. टोळीतली माणसं वरातीत डोक्यावर दिवे धरू लागली. म्हातारे बंसीजी तेवढे पणजोबांच्या बाहुल्या घेऊन खेळ करत. बघायला काकू आणि आम्ही मुलं. काकूंनी या लोकांचा ध्यासच घेतला. दिल्लीची एक संस्था अशा कलावंतांना मदत देते हे कळल्यावर त्यांनी वर्षभर उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे ती मंडळी खेळ बघायला यायला तयार झाली.

"बाईसा, अब यही आस है," बंसीजी म्हणाले. "नहीं तो टोली टूट जाएगी."

"टूटेगी कैसे? मगर मेहमान आ रहे हैं बंसीजी. फटा-बिटा कुछ नहीं दिखना चाहिए. सब नया!"

नव्या बाहुल्यांच्या घागऱ्यांसाठी काकूंनी स्वतःची जरीची साडी फाडून दिली. भाटांमध्ये जीर्ण बाहुली फेकत नाहीत. तिला निरोप देऊन पाण्यात सोडतात, आणि ती जितका वेळ तरंगेल तितका शकुन चांगला. सगळी टोळी जुन्या बाहुल्या घेऊन आमेरच्या तलावावर गेली. बाहुल्या खूप वेळ तरंगल्या. काकूंनी पेढे वाटले.

खेळ झकास झाला. मग पाहुण्यांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "अब पुरानी पुतलियाँ दिखाइए. हम उन्हीं के लिए आए हैं."

"उन्हें तो विदा कर दिया, हुकुम," बंसीजी हसत म्हणाले, "आपके आने की खुशी में."

गृहस्थांचा चेहरा पडला. "ऐसी तो बाज़ार में मिलती हैं," एवढंच म्हणून ते चहा न घेताच उठले.

काकू तडक आमेरला निघाल्या. बंसीजी, आई आणि मी मागोमाग. काकू गुडघाभर पाण्यात उतरून चिखल चाचपत होत्या. बंसीजी काठावरून विनवत होते, "निकल आओ बाईसा. विदा की हुई को फिर नहीं नचाते."

शेवटी एक मुंडकं सापडलं, रंग गेलेलं, नाक तुटलेलं. ते छातीशी धरून काकू हंबरडा फोडून रडल्या. "मीच सांगितलं हो, मीच सांगितलं," असं त्या मराठीतच म्हणत राहिल्या. मला फार भीती वाटली. बंसीजींनी ते मुंडकं हळूच काढून घेतलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं. ते लगेच बुडालं.

त्या हिवाळ्यात टोळी मोडली. बंसीजी मुलाबरोबर वीटभट्टीवर गेले. मेजरसाहेबांचीही बदली झाली.

परवा पुण्यात काकूंकडे गेले, आधी कळवून. पडदे विरलेले, पितळ काळं पडलेलं. सूनबाई ओशाळून म्हणाली, "कुणी येणार असलं की आई कशाला हातच लावू देत नाहीत."

काकूंनी मला जवळ बसवलं. "तुझ्या आईचा तो कळकट सोफा आहे का गं अजून?"

"आहे की."

"जपा हं त्याला," काकू म्हणाल्या.