बिरूचा गुडघा बघायला: भर मे महिन्यात वेळापूर आणि सोलापूर

मे महिन्यात सोलापूर जिल्ह्याकडे स्वखुशीने कुणी जात नाही, आणि मीही गेले नव्हते. पुण्यातल्या एका व्यावसायिक फुटबॉल संघाची मी फिजिओ आहे. आमचा हंगाम संपला तेव्हा गुणतक्त्यात आम्ही खालून दुसरे होतो. मालकांनी मीटिंग बोलावली, चहासोबत बिस्किटंसुद्धा नव्हती, त्यावरून काय ते समजलं.

सुट्टीच्या काळात सगळेच संघ जे करतात ते आम्ही करायला घेतलं. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं आणि ड्राफ्टमध्ये पहिला कोण उचलायचा. ज्यांना ड्राफ्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नव्याने नाव नोंदवलेल्या खेळाडूंमधून संघ आळीपाळीने एकेक जण निवडतात, आणि तळाच्या संघांना आधी निवडू देतात. म्हणजे वाईट खेळल्याचं तेवढंच बक्षीस. प्रशिक्षकांना गोल मारणारा हवा होता, कारण वर्षभर आमच्याकडून गोल होता होत नव्हते. पण त्याआधी बिरूचं काय ते ठरायला हवं होतं.

बिरू आमचा बचावफळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू. सहा वर्षं आमच्याकडे आहे, कमी बोलतो आणि हवेतला चेंडू डोक्याने असा काही परतवतो की स्टँडमधल्या माणसाचं डोकं दुखावं. डिसेंबरमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने त्याने माझ्या नजरेखाली व्यायाम केला आणि पुढचा व्यायाम घरी करायचा म्हणून तो वेळापूरला गेला. गुडघा नीट असेल तर बिरूला ठेवायचं आणि पहिली निवड गोल मारणाऱ्यासाठी वापरायची. नसेल तर बिरूला सोडायचं आणि पहिली निवड बचावपटूची. सगळं घोडं त्या एका गुडघ्यापाशी अडलेलं होतं, आणि तो तपासायला मी निघाले होते. सोबत शेखर, नवे खेळाडू शोधणारा आमचा माणूस. सोलापुरातला एक तरुण बचावपटू त्याने हेरून ठेवला होता. तो "लागलाच तर" बघायचा, असं ठरलं होतं.

पुण्यातून उजाडायच्या आत निघा. हा सल्ला मी तुम्हाला देते, आम्ही मात्र शेखरच्या कृपेने आठ वाजता निघालो. सोलापूर हायवे चांगला आहे, टोल मात्र हात आखडत नाहीत. भिगवणला मासे खायची शेखरची इच्छा मी सकाळचे दहा वाजलेत या कारणावरून मोडीत काढली आणि इंदापुरात मिसळ खाल्ली. मिसळ बरी होती, पाव शिळे होते. इंदापूरहून अकलूजकडे वळलं की दोन्हीकडे ऊस लागतो आणि जरा डोळ्यांना बरं वाटतं. अकलूज सोडलं की वेळापूर फार लांब नाही. तिथलं जुनं हेमाडपंती देऊळ जरूर बघा, दगडी गाभाऱ्यात भर दुपारीही गार वाटतं. आम्ही ते परत निघताना बघू असं म्हणालो आणि मग कुणालाच आठवण राहिली नाही.

बिरूचं घर गावाबाहेर शेतात आहे. वळणावरच फ्लेक्स दिसला. त्यावर बिरू हात जोडून उभा, खाली गल्लीतल्या मंडळाच्या पोरांचे गोल गोल फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत "पुन्हा एकदा संघात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन". कोपऱ्यात माझाही फोटो होता, कुठूनतरी काढलेला, आणि नावाआधी "डॉ." लावलेलं. शेखरने गाडी थांबवली आणि आम्ही दोघं ते बघत बसलो. पुण्याहून क्लबची माणसं गाडी करून घरी येतायत, म्हणजे पसंतीच सांगायला येणार, असा गावाने सरळ हिशोब केला होता. मला तिथूनच माघारी फिरावंसं वाटलं.

अंगणात सगळी जमली होती. शेखरला फेटा बांधला, माझी ओटी भरली. बिरूची बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, करकंबला गेलेली, त्यामुळे सगळी धावपळ एकट्या आईची चाललेली. बिरूचे वडील, ज्यांना सगळे आबा म्हणतात, हे एकेकाळचे पैलवान. कान मोडलेले, मान अजून तशीच जाड. घरची मेंढरं आहेत, थोडी शेती आहे, पण बोलताना ते तालमीबद्दलच बोलतात. बिरू कुस्ती सोडून चेंडूच्या नादी लागला तेव्हा म्हणे ते वर्षभर नीट जेवले नव्हते. आता मात्र त्यांच्या मोबाईलवर मुलाचे सामने सोडून दुसरं काही नसतं.

बिरूला मी बाजेवर झोपवलं, आणि त्याची मांडी बघून मला बरं वाटण्याऐवजी धस्स झालं. अशा शस्त्रक्रियेनंतर मांडी वाळते आणि वर्षभर तरी दुसऱ्या पायापेक्षा बारीक राहते. ही डाव्या मांडीइतकीच जाड होती, खांबासारखी. काय काय व्यायाम करतोस, असं विचारलं तर बिरू म्हणाला, तुम्ही सांगितलेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. उत्तर आबांनी दिलं.

"रोज पाटं तालमीत बैठका घालतंय. माज्यासमोर. तीनशेपासनं चालू केल्या, आता हजारावर गेलंय. डॉक्टरीणबाई, माजा बी गुडघा असाच निखळला व्हता. वस्तादांनी बैठकांवर बसवला, आन् पुढच्या जत्रंला मी कुस्ती मारली की."

आबांच्या काळी गुडघ्यात काय झालं होतं ते देव जाणे. बिरूच्या गुडघ्यात लिगामेंटच्या जागी त्याच्याच मांडीतून काढलेला एक धागा नव्याने बसवला होता आणि तो हाडात धरायला वेळ लागतो. तोवर पूर्ण खाली बसायचं नाही, हे मी त्याला बजावून सांगितलं होतं. मी गुडघा किंचित वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. लिगामेंट शाबूत असलं की नडगी जराशी सरकून टक्कन थांबते. बिरूची थांबलीच नाही. मी परत एकदा ओढून पाहिली, मग डाव्या पायाची पाहिली, मग पुन्हा उजव्या. आबा समोर उकिडवे बसून माझ्या तोंडाकडे बघत होते.

बैठकांनी फरक पडला ना, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मांडी छान भरलीय. ते खोटं नव्हतं. सोलापुरात एमआरआय काढून घेऊ म्हणजे आतलंही दिसेल, असं मी पुढे जोडलं, आणि आबांनी खुशाल मान डोलावली. मग बाजरीची भाकरी, मटण आणि कांदा असं जेवण झालं. मटण इतकं चांगलं होतं की एरवी मी त्यावर एक परिच्छेद लिहिला असता. मी भाकरी नुसती कुस्करत होते, आणि आई वाढतच होती.

दुपारी बिरूला सोबत घेऊन निघालो. वेळापूर ते पंढरपूर आणि तिथून सोलापूर, रस्ता सबंध मोकळा आणि उन्हाने पांढरा पडलेला. गाडीचा एसी नुसता आवाज करत होता. बिरू मागच्या सीटवर पाय लांब करून बसला होता. खाली बसायचं नाही हे माहीत असून बैठका का घातल्यास, असं मी विचारलं. पहिल्यांदा नको म्हणालो होतो, असं त्याने सांगितलं. पण तो मैदानात पडल्यापासून आबांना घरात बसवेना. पहाटे उठवायला यायचे, स्वतः शेजारी उभं राहून मोजायचे. मांडी भरायला लागली तसं त्यालाही वाटलं की जमतंय. मला राग आला होता, पण तो काढायला मागे वळले तर त्याचा चेहरा बघून मुकाट्याने पुढे तोंड केलं.

सोलापुरात स्टेशनजवळ साधं, स्वच्छ हॉटेल मिळतं, पंख्याऐवजी कूलर असलेली खोली मागून घ्या. संध्याकाळी तळ्याकाठी थोडी हवा असते. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही खाल्लंत तर या उन्हात पोट तक्रार करणार नाही. चादरी घ्यायच्या तर घाई करू नका, दुकानदार न कंटाळता पन्नास घड्या मोडून दाखवतात. हे सगळं मी तुमच्यासाठी टिपून ठेवलं, कारण एमआरआयचा निकाल यायची वाट बघताना मला दुसरं काहीतरी करायला हवं होतं. निकाल आला तो मला आधीच ठाऊक असलेला. बसवलेलं लिगामेंट सैल पडलं होतं, आणि गुडघ्यातली गादीही फाटली होती. परत शस्त्रक्रिया, परत वर्ष, आणि बिरूचं वय तिशीला टेकलेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर शेखरने हेरलेल्या त्या मुलाला बघितलं. श्रीनिवास, वय एकोणीस, घरात टॉवेलचे माग, वडिलांशी तेलुगूत बोलतो आणि आमच्याशी सोलापुरी मराठीत. उंच, डाव्या पायाचा, चेंडू पायाशी आला की घाबरत नाही. शेखर तर हरखूनच गेला. मी त्याचे गुडघे तपासले. दोन्ही नडग्या टक्कन थांबल्या. इतके निरोगी गुडघे बघून मला याआधी कधी वाईट वाटलं नव्हतं. बिरू मैदानाच्या कडेला सावलीत बसून बघत होता. मुलगा चांगला आहे, पण हवेतल्या चेंडूला उशिरा उडी मारतो, असं त्याने शेखरला सांगितलं, आणि मग उठून लंगडत त्या मुलालाही जाऊन सांगितलं.

परतताना बिरू मोडनिंबला उतरला. तिथून त्याचा मेहुणा त्याला मोटरसायकलवर करकंबला नेणार होता, बायकोला भेटायला. हायवेच्या कडेला चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. मी त्याला सरळ सांगितलं की मला अहवालात खरं लिहावं लागेल आणि क्लब त्याला ठेवणार नाही. बैठका त्या क्षणापासून बंद, हेही सांगितलं. त्याने मान हलवली. मेहुण्याची गाडी दिसली तेव्हा म्हणाला.

"मॅडम, आबांना बैठकांचं सांगू नका. गुडघा पहिल्यापासनंच नीट बसला नव्हता म्हणा. म्हातारं मनाला लावून घेईल."

मी बरं म्हणाले. त्या वेळी मला ते शहाणपणाचं वाटलं.

पुण्यात आल्यावर मीटिंग दहा मिनिटांत उरकली. माझा अहवाल वाचून झाला, फळ्यावरचं बिरूचं नाव पुसलं गेलं आणि ड्राफ्टच्या यादीत पहिल्या ओळीत बचावपटू आला. प्रशिक्षकांना गोल मारणारा मिळणार नव्हता म्हणून ते वैतागले. बिरूबद्दल सगळे चांगलं बोलले. ठरल्याप्रमाणे ड्राफ्टमध्ये आम्ही श्रीनिवासला उचललं. शेखरने पेढे आणले. मी एक खाल्ला.

त्यानंतर काही दिवसांनी संध्याकाळी आबांचा फोन आला. मला वाटलं भांडायला केलाय. ते भांडले नाहीत. क्लबने सोडलं त्याचं काही नाही, पोरगं पुढच्या वर्षी दुसरीकडे खेळेल, असं म्हणाले. त्यांची तक्रार वेगळीच होती.

"पोरानं अंग टाकलंय, डॉक्टरीणबाई. बैठका घाल म्हणलं तर नको म्हणतंय. का नको, त्ये बी सांगंना. सगळ्यांदेखत लई बोललो त्याला, कामचुकार म्हणलो, तरी मुंडी खाली घालून गप. आता मी त्याच्याशी बोलायचंच सोडलंय. तुमचं ऐकतंय त्ये. तुमी सांगा की त्याला, घाल म्हणून."

मला सहज निभावून नेता आलं असतं. मोठ्या डॉक्टरांनी नको सांगितलंय, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं, आणि बिरूने माझ्याकडून तेवढंच मागितलं होतं. पण तिकडे तो मुंडी खाली घालून शिव्या खात होता, ज्यांच्यासाठी खात होता त्यांच्याच. मी आबांना सांगितलं. नवीन बसवलेलं बैठकांनी सैल झालं, म्हणून मीच त्याला बंद करायला लावल्या, आणि तुम्हाला कळू देऊ नका असं त्यानेच मला मोडनिंबला सांगितलं होतं.

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. आबा फोन ठेवतील असं मला वाटलं.

"त्यो म्हणला तसं?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. फोन तसाच चालू होता, बहुतेक बाजेवर ठेवला असावा, कारण त्यांचा आवाज लांब लांब जात गेला.

"बिरू," ते हाका मारत होते. "ए बिरू. कुटं हायस बाळा?"