पट्टा सोडलेला माणूस

सुखदेव बिबवेवाडीत राहायचा आणि हिंजवडीत काचा पुसायचा. आयटीवाल्यांनी इमारती बांधल्या त्या नखशिखान्त काचेच्या. पुसणार कोण, हा विचार बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावा. सुखदेव गच्चीवरून दोरावर उतरायचा, शेजारच्या दोरावर धाकटा भाऊ बुद्धभूषण.

कमरेच्या पट्ट्याला दोन हुक. एक अडकवल्याशिवाय दुसरा सोडायचा नाही, हा नियम. पण सहाव्या मजल्याच्या कोपऱ्याला दोर पुरायचा नाही. मग सगळेच दोन्ही हुक सोडून कठड्यावरून चार पावलं चालायचे आणि पलीकडच्या दोराला अडकवायचे. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी बुद्धभूषण तिथे घुटमळला. "सोड रे, चार पावलं तर आहेत," सुखदेव म्हणाला. भावाने तीनच टाकली.

कामगाराने स्वतःहून पट्टा सोडला, असं चौकशीत लिहिलं गेलं. सुखदेवने मान डोलावली. तेव्हापासून त्याला कशाचं काही वाटेनासं झालं. जेवायचा, बस पकडायचा, काचा पुसायचा. रडू असं आलंच नाही. भावजय नंदा मेलेल्या नवऱ्यावर चिडायची, "एवढी कसली घाई झाली होती त्यांना?" तो मुकाट ऐकून घ्यायचा.

एका शनिवारी कंपनीने सफाईवाल्यांच्या मुलांना वह्या वाटल्या. नंदा आठ वर्षांच्या लेकीला, अक्षताला घेऊन आली. लॉबीत भिंतभर एक फोटो होता. काळंभोर आकाश, खाली निळी पृथ्वी आणि मध्ये एकटाच अंतराळवीर. ना दोर, ना कशाचा आधार. सुखदेवने एकदा कंपनीतल्या एका साहेबांना त्याबद्दल विचारलंही होतं. पाठीवरच्या यंत्रातून वायूचा झोत सुटतो, त्यावर हवं तिकडे जाता येतं, साहेब म्हणाले होते. आणि यंत्र बिघडलंच, तर यान त्याला आणायला जातं. आणायला जातं, एवढंच सुखदेवच्या लक्षात राहिलं होतं.

अक्षता फोटोसमोर थांबली. "काका, ह्या माणसानं पण बाबांसारखा स्वतःच पट्टा सोडला?"

"नाही बाळा. त्याला सोडायला सांगितलं होतं."

"आणि बाबांना?"

नंदा वह्यांचा गठ्ठा घेऊन मागेच उभी होती. सुखदेवचा हात हुक चाचपायला कमरेकडे गेला. आज तो धुतलेल्या कपड्यांत होता, तिथे काहीच नव्हतं.

"बाबांना पण सांगितलं होतं," तो म्हणाला. "मी."