जेवणानंतरचे चार तास

डॉ. कुमुदबाईंची आणि माझी पहिली भेट सांगलीतल्या प्रयोगशाळेत झाली. मी जावळीतल्या मेढ्याहून नवा सहायक म्हणून आलो होतो. बाईंनी नाव विचारलं, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्याच हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून तो पाच मिनिटं फुगवून ठेवला. बोटं बधिर झाली, मला घाम फुटला. पट्टा सोडताना त्या म्हणाल्या की, दुसऱ्याला इथं बसवण्याआधी आपण बसलेलं बरं.

आपण खातो त्या तेला-तुपाचा जेवणानंतरच्या काही तासांत रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हा बाईंचा आयुष्यभराचा विषय. पट्टा सोडला की रक्ताचा लोंढा येतो आणि निरोगी धमनी किंचित रुंदावते. ते रुंदावणं आम्ही सोनोग्राफीवर मोजत असू, उपाशीपोटी एकदा आणि न्याहारीनंतर चार तासांनी पुन्हा. एका खेपेला वनस्पती तुपात तळलेल्या पुऱ्या, दुसऱ्या खेपेला भाकरी आणि करडईचं तेल घातलेली जवसाची चटणी.

चाचणीला आमच्या जावळीतले निवृत्त फौजी येत. त्यांतल्या एका हवालदारांनी विचारलं, "आवं बाई, पुरी खाल्ली की लगीच नस आखडती व्हय?"

"काही तास ती नेहमीइतकी सैलावत नाही, असं बऱ्याच जणांत दिसतं," बाई म्हणाल्या. "पण त्यातून पुढं काय होतं, ते मला अजून पुरतं माहीत नाही."

चारचौघांत बाईंनी 'माहीत नाही' म्हणावं, याचा मला तेव्हा संकोच वाटला होता. त्याच हवालदारांचा रक्तदाब वाढलेला निघाला, तेव्हा ते गोळ्या घेतात की नाही हे पाहायला बाई पुढच्या आठवड्यात स्वतः एसटीनं मेढ्याला गेल्या.

बाईंच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका सकाळी पुऱ्यांच्या खेपेचे एक गृहस्थ आले नाहीत. त्यांच्या जागी बाई स्वतःच बसल्या. चार तासांनी मी मोजलं, तर धमनी जवळपास रुंदावलीच नव्हती. माझीच मोजण्यात चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजलं, तेच. एवढ्यावरून काही ठरत नाही, हे मला बाईंनीच शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात मी त्यांना दोनदा जिन्यात छातीवर हात ठेवून थांबलेलं पाहिलं होतं. पित्त आहे, असं त्यांनी सांगितलं होतं. गुरूंना असं काही सांगावं का, आणि न सांगता काही झालं तर?

शेवटी म्हणालो, "बाई, मोजणीचं राहू द्या. तुम्ही जिन्यात थांबलात, ते पित्त नव्हतं."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मलाही भीती वाटतेय," त्या म्हणाल्या. "आत्ता दवाखान्यात सोबत याल?"

हृदयाच्या मुख्य वाहिनीतच मोठा अडथळा निघाला. दुसऱ्या दिवशी स्टेंट बसवला. बाहेरच्या बाकावर मी किती वेळ बसलो होतो, सांगता येत नाही. दार उघडलं की मी उठून उभा राही. बाई सुखरूप बाहेर आल्या.

पुढं एका सभेत कुणीतरी अभिमानानं सांगितलं की, बाईंच्याच चाचणीनं बाईंना वाचवलं. त्या लगेच उठल्या. "एका दिवसाच्या एका मोजणीवरून कुणाचं हृदय ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या सहायकांनी माझ्याकडे नीट पाहिलं, म्हणून मी इथं आहे. त्याचं श्रेय चाचणीला देऊ नका." स्वतःची मोजणीही त्यांनी अभ्यासातून काढून टाकली.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्या सकाळपासूनची माझी काळजी मात्र गेलेली नाही. त्यांनी फोन उचलला नाही की माझं कामात लक्ष लागत नाही, आणि मग उचलला की या घाबरटपणाबद्दल मी बोलणी खातो. ती बोलणी मला पुढची कितीतरी वर्षं ऐकायची आहेत. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. आमच्या हातून अजून पुष्कळ चुका व्हायच्या आहेत. त्या दाखवायला बाई हव्यात.