पाहुणी म्हणून खेळलेले मंगळवार

मला गोल्फ येतो, हे मी आजवर एकदोघं सोडून कुणाला सांगितलेलं नाही. येतो म्हणजे काय, यायला लागला होता, आणि मग थांबला. साताऱ्याच्या मैत्रिणींना सांगितलं असतं तर त्या हसून लोळल्या असत्या, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला साहेब आला असता, टोपी घातलेला, पाइप ओढणारा, आणि त्याच्या मागून पिशवी घेऊन चालणारा माणूस. माझ्याही डोळ्यांसमोर आधी तेच होतं.

चौसष्ट साल असेल. लग्न होऊन वर्ष झालं होतं. आमचे हे बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर, आणि आम्ही जयनगरला वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. जयनगर तेव्हा अर्धं बांधलेलं आणि अर्धं नुसतंच आखलेलं, मधेमधे नाचणीची शेतं. खाली घरमालकीण अक्का. अक्कांच्या सासरचे लोक कधीच्या काळी आपल्याकडून इकडे आले, चिकपेटेत कापडाचं दुकान टाकलं आणि इकडचेच झाले. त्यामुळे अक्कांचं मराठी ऐकायला मला फार आवडायचं. मधेच 'स्वल्प' म्हणजे थोडं, मधेच 'सरी' म्हणजे बरं, आणि त्या काय म्हणाल्या ते आपल्याला जरा उशिरानं कळायचं.

त्या वर्षी ह्यांना बढती मिळाली आणि ह्यांचे मोठे साहेब म्हणाले, आता क्लबात या. शहराच्या मधोमध गोल्फचं मैदान आहे, तिथला क्लब. कारखान्यातले वरचे बहुतेक सगळे तिथे जायचे. साहेब म्हणाले, आधी काही दिवस माझे पाहुणे म्हणून खेळा, जमलं तर अर्ज द्या, तुमचं नाव मी सुचवतो. नवरा मेंबर झाला की बायकोलाही खेळता यायचं. बाईला स्वतःच्या नावानं मेंबर होता यायचं नाही, पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि विचारायचं डोक्यातही आलं नाही.

प्रवेश फी मात्र मोठी होती. तेवढे पैसे आमच्याकडे होते, पण ते स्कूटरचे होते. स्कूटरसाठी ह्यांनी लग्नाआधीच नाव नोंदवलं होतं आणि आता नंबर कधीही लागेल असं झालं होतं. म्हणजे एक तर क्लब, नाहीतर स्कूटर.

मग रविवार सुरू झाले. हे पहाटे उठून स्वेटर घालून निघायचे आणि मी बरोबर जायचे, कारण साहेबांची बायकोही यायची आणि साहेबांनी 'मिसेसना आणा' असं सांगितलं होतं. ह्यांचा खेळ काही जमेना. काठी फिरायची, गवत उडायचं, चेंडू तिथेच. उडालाच तर झुडपात. साहेब मोठ्या मनानं म्हणायचे, "होईल, होईल," आणि हे परत येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसायचे. ज्या माणसाला घरातलं कुठलंही मशीन उघडून बसवता येतं त्याला एवढासा चेंडू ऐकत नाही, हे त्यांना फार लागायचं.  

साहेबांची बायको कूर्गची. उंच, पन्नाशीची, आणि साहेबांपेक्षा चांगली खेळायची. तिकडच्या बायका साडीच्या निऱ्या मागे खोचतात, त्यामुळे पुढे पायात काही येत नाही. मी व्हरांड्यात चहा घेऊन बसलेली बघून ती एकदा म्हणाली, "तू मंगळवारी का येत नाहीस? मंगळवारी सकाळी आम्ही बायका असतो. माझी पाहुणी म्हणून ये."

मी लगेच हो म्हटलं. हे पण म्हणाले, "जा की, ओळखी होतील."

पहिल्या मंगळवारी खाली उतरले तर अक्का दारात रांगोळी घालत होत्या.

"काय गं, भांडून माहेरला चाललीस काय?"

"क्लबात जातेय, अक्का."

"क्लबात? तिथं दारू पितात म्हणे."

"सकाळी चहा पितात हो."

"सरी, सरी. स्वल्प कॉफी घेऊन जा मग. त्यांच्या चहात काय असतंय."

दोन बस बदलून गेले. साहेबांच्या बायकोनं, मी त्यांना बाई म्हणायचे, माझ्या हातात काठी दिली, बोटं कशी गुंफायची ते दाखवलं, डावा अंगठा खाली, डोकं हलवायचं नाही. लाकडी खुंटीवर चेंडू ठेवला. मी काठी मागे नेली आणि माझ्याच निऱ्यांत पाय अडकून मटकन खाली बसले. सगळ्या हसल्या, मीही हसले, पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मला ते परत करायचं होतं. शाळेत मी खोखोत बरी होते, फार बरी होते, मग नववीत साडी आली आणि खोखो गेला. तेव्हापासून मी अंग लावून असं काही केलंच नव्हतं, स्टोव्हला पंप मारण्याखेरीज.

निऱ्यांचं अक्कांना सांगितलं. त्या आत गेल्या आणि ट्रंकेतून एक लुगडं काढून आणलं.

"माझ्या सासूचं नऊवार. हे नेस. ह्यात बायका घोड्यावर बसायच्या म्हणतात, तुला दांडू फिरवायला काय होतंय?"

"लोक हसतील हो अक्का."

"त्या बायका पँटी घालून येतात म्हणालीस ना? मग त्यांना कोण हसतंय?"

त्यांनीच मला काचा घालायला शिकवलं, कारण मला सहावारीच नेसता यायची. आणि पुढच्या मंगळवारी मी बंगलोरच्या गोल्फ क्लबात नऊवारी नेसून गेले. दोघीतिघींनी एकमेकींकडे बघितलं. साहेबांच्या बायकोनं मात्र माझ्याभोवती एक चक्कर मारली, मागचा काचा बघितला आणि म्हणाली, "अच्छा, तुमच्याकडेही मागे खोचायची अक्कल आहे तर." त्या दिवशी, कितव्या फटक्याला ते आठवत नाही, पण एक फटका असा बसला की हाताला काही कळलंच नाही. म्हणजे काहीच लागल्यासारखं वाटलं नाही. नुसता टक असा आवाज आला, आणि मी मान वर केली तेव्हा चेंडू निलगिरीच्या शेंड्यांवर होता, अजून वर जात होता, मग जरासा थांबल्यासारखा झाला आणि लांब कुठेतरी हिरवळीवर पडला.  बाई एवढंच म्हणाल्या, "परत मार." मी परत मारला.

संध्याकाळी ह्यांनी विचारलं, "कसं झालं?"

"बरं झालं," मी म्हटलं.

त्यांचा आदल्या रविवारी चेंडू तळ्यात गेला होता. त्यांच्यापुढे मी निलगिरीच्या शेंड्यांचं कुठे वर्णन करत बसू? पुढच्या मंगळवारीही बरंच झालं, त्याच्या पुढच्याही. अक्कांना मी सगळं सांगायचे, फटका न फटका, आणि त्या लसूण सोलता सोलता ऐकायच्या आणि शेवटी विचारायच्या, "पण तो चेंडू शेवटी बिळातच घालायचा ना? मग इतक्या लांब कशाला मारतीस?"

मग स्कूटरचा नंबर लागल्याचं कळलं आणि त्याच आठवड्यात साहेबांनी अर्जाचं विचारलं. पाहुणा म्हणून किती दिवस येणार, क्लबाचेही काही नियम होते. आम्ही जेवण झाल्यावर गच्चीत बसलो आणि ह्यांनी दोन्ही बाजू मांडायला सुरुवात केली, अगदी पद्धतशीर. क्लबात गेलो तर साहेबांच्या नजरेत राहू. पण पुढे दर महिन्याला वर्गणी. काठ्या विकत घ्यायच्या, बूट घ्यायचे. रविवार जाणार. आणि खेळ येत नाही तो नाहीच. स्कूटर घेतली तर कारखान्याची बस चुकायची भीती नाही, बाजारात जाता येईल, तुला फिरायला नेता येईल. सगळं बरोबर होतं. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. मंगळवार त्यात कुठेच नव्हता, आणि खरं सांगते, मलाही तो त्यात घालायचं सुचलं नाही. प्रश्न त्यांचा होता ना. त्यांच्या क्लबाचा, त्यांच्या बढतीचा.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

"तुम्हाला आवडतं का खेळायला?"

"अजिबात नाही."

"मग कशाला? स्कूटर घेऊ."

मी हे इतकं पटकन बोलून गेले. मी सगळंच पटकन बोलते. आणि मला स्कूटरही हवी होती, ते काही खोटं नाही. मागे बसून वारा खात जायचं, कुठल्या मुलीला नको असतं? ह्यांचा चेहरा असा मोकळा झाला, कितीतरी दिवसांनी, की मलाही आपण फार शहाणपणाचं बोललो असं वाटलं.

माझी समजूत अशी होती की माझे मंगळवार चालूच राहणार. मी कुठे ह्यांची पाहुणी होते, मी तर बाईंची पाहुणी होते. म्हणून मंगळवारी नेहमीसारखी गेले. बाई मैदानावर न नेता मला व्हरांड्यातच घेऊन बसल्या.

"तुझा नवरा अर्ज देत नाही, असं साहेब म्हणाले."

"हो. त्यांना जमत नाही."

"त्याला नाही जमलं तर नाही जमलं. त्यानं मेंबर व्हायचं आणि तू खेळायचं. इथे निम्म्या बायका तशाच खेळतात. मला वाटलं तू घरी बोलली असशील."

मी मानेनंच नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तू आता नेहमीची झालीस, पाहुणी म्हणून मला तुला आणता येणार नाही. आजचा दिवस मात्र खेळ."

खेळले. सगळे फटके वाकडे गेले. मी रडत नव्हते, पण चेंडूकडे बघत डोकं खाली ठेवायचं असतं ते मला त्या दिवशी जमत नव्हतं. घरी येऊन लुगडं धुऊन, घडी करून अक्कांना परत दिलं. त्यांनी ते घेतलं नाही, म्हणाल्या, "असू दे गं, परत लागेल." मी ते त्यांच्या झोपाळ्यावर ठेवून वर आले. ह्यांना तेव्हाही सांगितलं नाही. आता सांगून काय, पैसे भरून झाले होते.

स्कूटर आली, पिस्ता रंगाची. पूजा केली, अक्कांनी चाकाखाली लिंबू ठेवलं. आम्ही खूप फिरलो. आणि वर्षभरानं, साहेबांची बदली होऊन ते दोघं बंगलोर सोडून गेले त्यानंतर, एका रविवारी आम्ही हेब्बाळच्या तळ्यावर गेलो होतो. डबा खाऊन झाला होता. हे मजेत होते, वाळकी काठी घेऊन आपल्याच गोल्फची नक्कल करत होते, चेंडू म्हणून निलगिरीचं बोंड. मला हसवायला.

"अहो, तसं नाही धरत. डावा अंगठा खाली."

"बरं, तू दाखव."

मी उठले, पदर खोचला, काठी घेतली आणि मारलं. अंगाला सगळं आठवत होतं. बोंड पाण्यावरून निघून गेलं आणि हे हसायचे थांबले.

"हे कधी शिकलीस?"

"मंगळवारी."

"मला वाटायचं, तू माझ्यासाठी जातेस. साहेबांच्या बायकोशी बरं राहावं म्हणून. क्लब नको म्हटलं तेव्हा मला वाटलं, चला, हिची पहाटेची दगदग सुटली."

मी खोचलेला पदर सोडला.

"उद्या क्लबात विचारून येतो," ते म्हणाले.

"नाव कोण सुचवणार? साहेब तर गेले. आणि पैसे कुठे आहेत?"

ते स्कूटरकडे बघत नव्हते, पण दोघांनाही ती तिथे उभी आहे हे माहीत होतं. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "किती लांब जायचा?"

"पलीकडच्या काठावर चिंचेचं झाड दिसतंय?"

"तिथपर्यंत?"

"त्याच्या पुढे. वारा नसला तर."

ते कितीतरी वेळ त्या झाडाकडे बघत राहिले, कारखान्यात एखादं माप घेतात तसे डोळे बारीक करून. मग हळूच म्हणाले, "मला एकदा बघायला मिळायला हवं होतं." मलाही दाखवायचं होतं. पण हातात वाळकी काठी होती, आणि बोंड पाण्यात कुठे पडलं ते आता दिसतही नव्हतं.