साडूंचे दोन डबे

माझ्या साडूंइतका बिनकामाचा व्यवस्थित माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीने त्यांच्याबरोबर संसार केला, याबद्दल तिचा जाहीर सत्कार व्हायला हवा. लग्नाला निघाले की साडू दोन पिशव्या घेत. एक घालायच्या कपड्यांची, दुसरी घातलेल्यांची. तलवाड्याच्या लग्नात पिशव्यांची अदलाबदल झाली आणि स्वारी आदल्या दिवशीच्या चुरगळलेल्या शर्टात अक्षता टाकायला उभी. मेव्हणी शांतपणे म्हणाली, "मला कोणत्या पिशवीत टाकावं, ते ह्यांचं ठरंना, म्हणून मी टिकले."

देश खुला झाल्याचे ते दिवस. केजच्या बाजारात एसटीडीचे पिवळे बूथ उगवत होते आणि आमच्या साखर कारखान्यात कॉम्प्युटर आला होता. मी शेतकी खात्यात कारकून आणि साडू कॉम्प्युटरचे प्रमुख, म्हणजे त्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीचे. हाताने लिहिलेला प्रोग्रॅम एका जागी आणि मशीनने त्यापासून तयार केलेला, प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्या जागी, हा त्यांचा धर्म. "एका जागी ठेवले तर मशीन बाटतं का?" मी विचारलं.

"ज्वारी आन् पीठ एका डब्यात ठेवता का तुमी?"

बरं, पिठाचेही डबे दोन. एक 'चालू', ज्यावर कारखाना चाले. दुसरा 'चाचणी', ज्यात काहीही करून बघावं, बाहेर कुणाला पत्ता लागत नसे. कोणती ज्वारी दळायची आणि पीठ कोणत्या डब्यात टाकायचं, हे साडू आधी वहीत शाईने लिहीत, अक्षरांवर फुंकर घालीत आणि मगच मशीनला हात लावीत. एवढं करूनही हजेरीचा सुधारलेला प्रोग्रॅम त्यांनी पेढे वाटून चाचणीतच टाकला; कारखाना आठवडाभर जुन्यावरच चालला. वहीत लिहिलं होतं 'चालू', पण बोटं गेली भलतीकडे. अशा माणसाला मी हसायचं नाही, तर कुणाला?

मग जवळ आला ऊसतोडीचा हंगाम. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधी, त्याचा ऊस आधी तुटणार. ती यादी साडूंचं मशीन काढी आणि सारा तालुका तिच्याकडे डोळे लावून बसे. एका संचालकांनी 'आमचं नाव वर घ्या' असा निरोप धाडला आणि दुसऱ्या दिवशी जीपमधून स्वतःच आले. मी फाईल घेऊन तिथेच उभा.

"आमचं नाव सतराव्या पानावर कावून हो?"

"लागण उशिराची हाय, साहेब."

"पहिल्या पानावर घ्या. न्हाईतर जा वजनकाट्यावर, धूळ खात बसा."

साडूंनी वही उघडून पाहिली, मुकाट्याने बटणं दाबली. प्रिंटर करकरला. पहिल्या पानावर साहेबांचं नाव. कागद खिशात घालून साहेब गेले, आणि साडूंना पाठीचा कणा नाही हे मी त्याच दिवशी सगळ्या खात्याला सांगून टाकलं.

हंगाम सुरू झाला आणि टोळ्या जुन्याच क्रमाने फडात शिरल्या. साहेबांचा ऊस सतराव्या पानावरच. गावोगावी 'चालू'तल्या जुन्याच याद्या चिकटल्या होत्या. आता बदलल्या असत्या तर बोभाटा झाला असता. साहेबांपुढे साडू मान खाली घालून म्हणाले, "चुकून चाचणीच्या डब्यात गेलं."

"लई येडा हाय बे तू," साहेब म्हणाले. साडू वजनकाट्यावर गेले ते निवृत्तीपर्यंत.

ही गोष्ट मी लग्नालग्नांतून रंगवून सांगितली. जन्मभर डबे सांभाळले आणि शेवटी स्वतःच चुकीच्या डब्यात पडले, असा शेवट करायचो. साडू पंगतीत बसून सगळ्यांबरोबर हसत.

परवा त्यांच्याकडे पंचांग शोधताना कपाटात ती वही हाती लागली. 'ऊसतोड यादी, बदललेली. पीठ: चाचणी.' खाली शाईच्या दोन रेघा, आणि तारीख साहेब येण्याच्या आदल्या दिवशीची.

"साडूभाऊ, हे काय हाय?"

त्यांनी वही अलगद काढून घेतली. "भलत्याच कपाटात ऱ्हायली वाटतं," म्हणाले, आणि ती शेजारच्या कपाटात ठेवून चहा सांगायला आत गेले.

आता लग्नात लोक ती गोष्ट सांगायचा आग्रह करतात. मी सुरू करतो, पण प्रिंटर करकरतो तिथवर आलो की पाण्याचा तांब्या उचलतो. मग पुढचं साडूच सांगतात, माझाच शेवट, माझ्यापेक्षा रंगवून.