नत्थूच्या आईचं गाणं

दादा टेबलाखाली घुसून पंख्याची वायर उपटून राहिला होता. एक वाजाले दोन मिनिटं होते. एक वाजता बाजूच्या कारखान्याची पत्रा ठोकाची प्रेस थांबते अन् दीडले पुन्हा ठोकाले लागते. भिलाईच्या हथखोजमध्ये, कारखान्यायच्या वस्तीत, आमचा स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक खोली, भिंतीले जुन्या गोधड्या खिळ्यानं ठोकलेल्या, अन् रेकॉर्डिंगले दिवसातून मोजून अर्धा तास. पंखा बंद, मोबाईल बंद, तोंड बंद. त्या दिवशी मोबाईल बंद कराले मी विसरली.

टुंग करून वाजला. माइकसमोर गाणं घोकत बसलेली बाई थांबली. दादानं टेबलाखालूनच माझ्या अकलेचा उद्धार केला. मी मोबाईल पाह्यला, अन् मले वाटलं आता बोलूच नये. पण लपवता मले येत नाही. म्हटलं, दादा, चॅनलचा मेल आहे, लाल अक्षरात.

भूषणदादा कोण ते पहिले सांगते. पंचेचाळीसचा असन. भिलाईतल्याच सुपेल्यात, बाजारात, त्याचं कॅसेटचं दुकान होतं. कॅसेट मेली, त्यानं सीडी विकली. सीडी मेली, त्यानं मेमरी कार्डात गाणे भरून देल्ले. मंग लोकायच्या मोबाईलमध्येच गाणे याले लागले अन् दुकानच मेलं. स्टील प्लांटमध्ये लागला असता तं आज क्वार्टरमध्ये पाय पसरून बसला असता, असं त्याचा बाप मरेपर्यंत म्हणत गेला. दादानं त्याच्यानंतर हा स्टुडिओ टाकला. मी अकरावी सोडून घरी बसली होती, घरचे रोज डोकं खात. दादानं मले मार्कशीट नाही मांगतली. एवढंच विचारलं, रीना, अर्धा तास गप बसता येते का. मले येत नव्हतं. तरी ठेवलं. त्याच्याबद्दल कोणी वाकडं बोललं तं मी सोडत नाही, हे अर्ध्या सुपेल्याले माहीत आहे.

आमच्या चॅनलवर दोनशे बारा गाणे होते. सगळे आपल्याकडच्या बायायचे. गोंदिया-भंडाऱ्याकडून नवऱ्याच्या मागं भिलाईले आलेल्या, आता बुड्या झालेल्या बाया. जात्यावरचे, लग्नातले, काही मनानंच जोडलेले गाणे. गावाकडच्या त्यायच्या पोरी ऐकत अन् खाली लिहीत का आमची आई अशीच म्हणे.

अन् दर सोमवारी दादा ब्लॉग लिहे. मराठीत. भिलाईत मराठी उंबऱ्याच्या आत, पाय बाहेर टाकला का हिंदी सुरू, मंग वाचन कोण? मी एकदा आकडा पाह्यला, अकरा लोक. त्यातून तीनदा तं मीच होती. दादा म्हणे, अकरा म्हणजे माझ्या काउंटरवर एका वक्ती उभे राहत तेवढे. पुरे.

टेक्नॉलॉजीले शिव्या देऊ नका, मशिनले आपलंही ऐकू येते, असं तो लिहे. तिनं माझं दुकान खाल्लं हे खरं. पण कॅसेटच्या जमान्यात आपल्या बायायले माइकसमोर कोण बसू देल्लं असतं? गाण्याच्या धंद्यात पहिले नेहमी मोठ्या माणसाचं पोट भरे, आता आपल्यालेही एक ताट मांडता येते. म्हणून एक गाणं एकाच ताटात वाढू नका, तीन ताटात वाढा. पूर्ण गाणं टाका, त्याचा तुकडा टाका, ढोलक लावून टाका. मले हे लय पटे. मीच टाकत होती ना.

त्या लाल मेलचं गाणं पंचफुलाबाईचं होतं. तिनं सोताच जोडलेलं. पहिल्यांदा भिलाई स्टेशनवर उतरली तवाचं.

*गाडी आली भिलाईले, खाली उतरते मी बाई,*
*एवढ्या उंच चुलीवर रांधते कोणाची आई?*

प्लांटच्या धुराड्यायले ती चुली समजली होती. आमच्या चॅनलवर सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं तेच. सहा वर्षांआधी त्या गोधड्यायमध्ये बसून म्हटलं तिनं, पुढच्या वर्षी वारली. गाण्यावर नाव लिहाची वेळ आली तं ती लाजली. बाईच्या जातीचं नाव गाण्यावर कायले, लोक का म्हणतीन, नत्थूची आई लिहा. दादानं तेच लिहिलं. मोहल्ल्यात तिले दुसऱ्या नावानं हाक मारणारं कोणी नव्हतंच.

मेलमध्ये होतं का हे गाणं एका म्युझिक कंपनीचं आहे. तिन्ही ताटातलं. म्हणजे एकाच गाण्याच्या तीन तक्रारी, अन् तीन तक्रारी झाल्या का सात दिवसात चॅनल बंद. दोनशे बाराही.

दादा म्हणे घाबरू नको, आपल्यापाशी पुरावा आहे. सहा वर्षांआधीची फाईल होती, तारखेसकट. शेवटी प्रेस सुरू झाल्याचा धाडकन आवाजही होता, दादानं तो मुद्दाम काढला नव्हता. त्या दिवशीचा ब्लॉगही होता. सगळं जोडून, हिंदी-मराठी-इंग्रजी तिन्हीत लिहून आमी पाठवलं. दोन मिनिटात उत्तर आलं का आमी तपासलं, तक्रार कायम आहे.

गाणं चार मिनिटाचं. दोन मिनिटात ऐकलं कोणं?

आमी पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. नंबर शोधला, नंबरच नाही. तिसऱ्या दिवशी दादा खुर्चीवर मागं टेकला अन् म्हणे, "अबे, दुकानात चोरीचा माल आहे म्हणून पोलीसवाला तरी येऊन बसे. त्याले चहा पाजून समजावता येये. याले चहा कोठी पाजू?"

मी हसली. तो नाही हसला.

चौथ्या दिवशी उत्तरात एक ओळ जास्त आली. तुमच्या गाण्यात गायिका 'नत्थूची आई', कंपनीच्या गाण्यात 'पंचफुला'. गायिकेचं नाहीतं तिच्या वारसाचं सहीचं पत्र द्या. मले तं उलट बरं वाटलं. वारस म्हणजे नत्थू, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाले जाते, सुपेल्याच्या मागच्या गल्लीत राहते. आईचं गाणं भूषणदादानं रेकॉर्ड केलं, एवढंच लिहून सही कराची. पत्र मीच टाईप केलं, खाली नत्थूचं नाव टाकलं अन् दादाले स्कूटीवर मागं बसवलं.

गल्ली पाइपलाइनसाठी खोदली होती, स्कूटी आत जाये ना. दादा म्हणे तू इथंच थांब. मी थांबली. उन्हात सीट तापून चटके बसून राहिले होते. खासा वेळ लागला. मंग दादा मातीच्या ढिगावरून सांभाळत परत आला. कागद तसाच हातात.

म्हटलं काय झालं? म्हणे कुलूप आहे.

म्हटलं मंग एवढा वेळ? म्हणे वाट पाहून राहिलो होतो.

मी म्हटलं संध्याकाळी येऊ. तो म्हणे पाहू. संध्याकाळी पोटात दुखून राहिलं म्हणे. दुसऱ्या दिवशी मी सोताच जाते म्हटलं, चाबी उचलली, तं तो वरडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. "जायचं नाही म्हटलं ना? त्याले त्रास देऊ नको." त्याच्या खिशातला कागदही मले देल्ला नाही. मले लय राग आला. चॅनल हातचं चाललं अन् हा माणूस भिडेपायी मरून राहिला, असं मले वाटलं. तोंडावर बोललीही तसं. त्यानं ऐकून घेतलं अन् माइकची वायर गुंडाळत बसला.

सातव्या दिवशी आमी दोघं स्क्रीनसमोर बसलो. मी घडीघडी पान ताजं करत होती. अकरा वाजेपर्यंत दोनशे बारा दिसत होते. मंग एकदा बटन दाबलं तं पांढरं पान आलं, अन् त्यावर एक ओळ का हे चॅनल आता नाही. गाणे आमच्या हार्डडिस्कमध्ये आहेत. पण पोरी आता ऐकतीन कोठी, अन् त्यायनं खाली लिहिलेलं ते तं आमच्यापाशी कधी नव्हतंच.

एक वाजता प्रेस थांबली. त्या दिवशी कोणी गाणारी नव्हती. तरी दादानं टेबलाखाली घुसून पंख्याची वायर उपटली. आमी अर्धा तास तसेच बसलो. मी गप बसली, तवा पहिल्यांदा.

सोमवारी त्यानं ब्लॉग लिहिला. दोनच ओळी. मशिनले आपलं ऐकू येते असं मी तुमाले सांगतलं होतं. ते वापस घेतो.

दिवाळीच्या आधी सुपेल्याच्या बाजारात नत्थू भेटला. त्याले त्रास द्याचा नाही म्हणून मी तोंड फिरवून चालली होती, त्यानंच हाक मारली. सांगू लागला का आईच्या वर्षश्राद्धाले एक कंपनीवाला आला होता, आईचं गाणं तिच्या नावानं सगळीकडे लावतो म्हणे, म्हणून त्यानं सही करून देल्ली. कंपनीनं आईच्या पूर्ण नावाचं सर्टिफिकेट पाठवलं. ते फ्रेम करून तिच्या फोटोखाली लावलं आहे, रोज दिवा लावतो म्हणे.

"दादा आला होता ना मागं, गल्ली खोदली होती तवा. लय वेळ बसला. सर्टिफिकेटावरचं आईचं नाव वाचलं, पाणी पेला, चांगलं छापलं म्हणे. हातात कागद होता त्याच्या, विचारलं कशाचा, तं म्हणे रीनाचा फॉर्म आहे. भरला का तू मंग?"